सुईआधीचा एक तास : थॅलेसेमियाच्या एका मुलाचे प्रकरण

सहा वर्षांचा मुलगा, वजन १७ किलो, आजार बीटा थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार न होणारा आनुवंशिक रक्तदोष. नवव्या महिन्यात निदान झाले तेव्हापासून त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या डे केअर केंद्रात मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम पाहतो, तेथे तो आईबरोबर सुमारे चाळीस किलोमीटरवरून एसटीने येतो. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीयदृष्ट्या या प्रकरणात दुर्मीळ असे काहीही नाही, आणि ते सविस्तर लिहावेसे वाटले ते त्याच कारणाने.

हे प्रकरण आमच्या नजरेस आले ते एका हिमोग्लोबिनच्या आकड्यामुळे. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांमध्ये रक्त चढवण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन साधारण ९.५ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान राहावे असा प्रयत्न असतो. या मुलाचे ते ६.८ भरले. रक्तपेढीत रक्ताचा तुटवडा नव्हता, पिशवी राखून ठेवलेली होती, तरीही तो ठरलेल्या तारखेला न येता आठ दिवस उशिरा आला होता. आईला कारण विचारले तेव्हा तिने आधी शेतीच्या कामाचे निमित्त सांगितले आणि मग हळूच खरे ते सांगितले. एसटी स्टँड दिसताच मुलाला ओकाऱ्या सुरू होतात, आणि त्या आठवड्यात दोन वेळा ती त्याला घेऊन स्टँडवरूनच घरी परतली होती. केस पेपरवर मात्र मागच्या तीन भेटींच्या नोंदीत ‘मूल सहकार्य करत नाही’ एवढेच वाक्य होते. ते वाक्य आमच्याच केंद्रात, आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते.

थोडे गणित मांडून पाहिले. वर्षाला सुमारे १७ भेटी. प्रत्येक भेटीत किमान दोन वेळा सुई, एकदा क्रॉसमॅचचे, म्हणजे दात्याचे रक्त जुळते का ते तपासायचे रक्त घेण्यासाठी आणि दुसऱ्यांदा इंट्राकॅथ (थोडक्यात कॅथ), म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी लावण्यासाठी. म्हणजे वर्षाला ३४, आणि आजवरच्या पाच-सव्वापाच वर्षांत पावणेदोनशेच्या घरात. यात शिर न सापडल्यामुळे फुकट गेलेले प्रयत्न धरलेले नाहीत. लसीकरणाच्या वेळी वर्षातून एक-दोनदा सुई पाहणाऱ्या मुलाची भीती आणि या मुलाची भीती यांना एकच शब्द वापरणे बरोबर नाही. याची भीती अनुभवातून आलेली होती आणि तिच्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते.

पहिल्या दिवशी आम्ही काय पाहिले

उपचारात कोणताही बदल करण्यापूर्वी एक भेट नुसती पाहायची असे आम्ही ठरवले. एका सिस्टरने घड्याळ आणि कागद घेऊन कोपऱ्यात बसायचे, मदतीला जायचे नाही. नोंदीसाठी फ्लॅक ही पद्धत घेतली. तीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ असे गुण देतात आणि त्यांची बेरीज १० पैकी होते; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. मुलाने स्वतः सांगण्यासाठी सहा चेहऱ्यांची पट्टी वापरली.

कॅथ लावण्याच्या खोलीत मुलगा दारातून आत आला तोच रडत. आजी त्याला सांगत होती, “काही नाही रे, नुसती मुंगी चावते.” आई सांगत होती, “आज सुई नाहीच, नुसतं वजन करायचंय.” एका वॉर्डबॉय मामांनी त्याला उचलून पलंगावर निजवले, दुसऱ्यांनी पाय धरले, एका सिस्टरने खांदे दाबले आणि दुसरीने हात पकडून शिर शोधली. आईला बाहेर पाठवले होते, कारण ती रडली की मूल अधिक रडते असा आमचा समज होता. पहिला प्रयत्न फसला, दुसराही फसला, आणि तिसऱ्या वेळी पिवळी, म्हणजे २४ नंबरची कॅथ मनगटाजवळ बसली. या सगळ्या वेळात खोलीतील प्रत्येकजण “झालं, झालं” म्हणत होता, आणि काहीच झालेले नव्हते. फ्लॅकचे गुण ९. त्या खोलीच्या दारातून आत येण्यापासून कॅथला चिकटपट्टी लागेपर्यंत ५० मिनिटे गेली आणि चार माणसे गुंतली.

चेहऱ्यांच्या पट्टीने एक गोष्ट दाखवली जी आम्हाला अपेक्षित नव्हती. सुई टोचल्यानंतर त्याने शेवटचा, रडणारा चेहरा दाखवला, यात नवल नाही. पण सुईला अवकाश असताना, वजनकाट्यावर उभे राहतानाही त्याने तोच चेहरा दाखवला होता. ही पट्टी वेदना मोजण्यासाठी आहे, भीती मोजण्यासाठी नव्हे. त्या मुलाच्या लेखी मात्र दोन्हींत फरक उरलेला नव्हता. यावरून निष्कर्ष असा निघाला की नुसती वेदना कमी करून भागणार नाही आणि नुसते समजावूनही भागणार नाही.

वेदनेचा ठसा मागे राहतो, ही केवळ भावनिक समजूत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्करोगाच्या मुलांपैकी काहींना पहिल्या तपासणीच्या वेळी परिणामकारक वेदनाशामक दिले होते आणि काहींना दिखाऊ औषध. पुढच्या तपासण्यांत सर्वांनाच खरे औषध मिळाले, तरी पहिल्या वेळी वेदना सोसलेल्या लहान मुलांना, विशेषतः आठ वर्षांखालच्यांना, नंतरही अधिक दुखले. त्याहून मागे जायचे तर १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या काही शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता केल्या जात होत्या, कारण एवढ्या लहान बाळाला वेदना जाणवत नाहीत किंवा त्याला भूल सोसणार नाही, असे मानले जाई. ती समजूत खोडून काढणाऱ्यांत इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले के. जे. एस. आनंद यांचे १९८७ चे काम अग्रणी मानले जाते. ते वाचले की आजचे डॉक्टर हळहळतात. सहा वर्षांच्या मुलाला चौघांनी दाबून धरताना मात्र आपल्याला काही खटकत नाही. मलाही कित्येक वर्षे खटकले नव्हते.

झोपेचे औषध का दिले नाही

वडिलांची मागणी साधी होती : “साहेब, त्याला झोपेचं औषध द्या आणि काय ते करा.” ट्रायक्लोफॉसचे सरबत किंवा तोंडाने मिडाझोलाम देणे अशक्य नव्हते. पण ही औषधे गुंगी आणतात, वेदना थांबवत नाहीत. ती दिल्यावर श्वासावर आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवावे लागते, पोट रिकामे ठेवावे लागते, आणि वर्षातून १७ वेळा असे करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय या मुलाला आयुष्यभर सुयांबरोबर राहायचे आहे, त्यामुळे जागेपणी निभावण्याची काही रीत त्याच्या हाती लागणे आवश्यक होते. एमआरआयसारख्या तपासणीला किंवा मोठ्या प्रक्रियेला गुंगीचे औषध द्यावे लागले तर ते वेगळे.

आम्ही निवडले ते बधिर करणारे क्रीम, म्हणजे लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे प्रत्येकी २.५ टक्के प्रमाण असलेले मिश्रण. हे क्रीम जाडसर थर देऊन, वरून हवाबंद झाकून किमान एक तास ठेवावे लागते, तेव्हा त्वचा काही मिलिमीटर खोलीपर्यंत बधिर होते. चोळून जिरवले तर ते काम करत नाही, आणि वीस मिनिटांत पुसून टाकले तर लावले न लावले सारखेच. प्रिलोकेनमुळे क्वचित रक्तात मेथेमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारे हिमोग्लोबिन वाढते आणि जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची कमतरता असलेल्यांना हा धोका अधिक असतो, म्हणून तो अहवाल पाहणे भाग होते. येथे थॅलेसेमियाच्या रुग्णांची एक खास अडचण आहे. सतत दुसऱ्याचे रक्त मिळत असल्यामुळे आता तपासणी केली तर ती दात्याच्या पेशींची होते आणि कमतरता झाकली जाऊ शकते. सुदैवाने पहिले रक्त देण्यापूर्वीच्या, नवव्या महिन्यातल्या तपासण्यांत जी-सिक्स-पीडी केलेले होते आणि ते व्यवस्थित होते. त्याच्या वयाला आणि वजनाला एका वेळी एकूण १० ग्रॅमची मर्यादा आहे. दोन्ही हातांच्या पाठीवर मिळून आम्हाला त्याच्या निम्म्याहून कमी क्रीम पुरणार होते.

क्रीमला आमच्याकडे आजवर एकच विरोध होता, तो म्हणजे वेळ नाही. हा विरोध मीही अनेकदा केला आहे. पण त्या कोपऱ्यातल्या सिस्टरच्या कागदावर दुसरी एक नोंद होती. मुलगा सकाळी नऊला आला, सव्वादहाला त्याचे क्रॉसमॅचचे रक्त घेतले, कॅथ दुपारी साडेबाराला लावली. एसटीचा तास सोडला तरी जवळजवळ अडीच तास तो नुसता बसून होता. तो तास आमच्याकडे रोज पडून होता, फक्त चुकीच्या ठिकाणी.

पहिली योजना फसली

आईला क्रीमची ट्यूब आणि पारदर्शक चिकटपट्ट्या दिल्या आणि घरून निघताना दोन्ही हातांच्या पाठीवर कोठे लावायचे ते पेनाने खूण करून दाखवले. दोन सुयांची एक सुई केली. कॅथ सकाळीच लावायची, क्रॉसमॅचचे रक्त त्यातूनच काढून नळीवर पलंगाशीच नाव आणि नोंदणी क्रमांक लिहायचा, कॅथ सलाईनने धुऊन बंद करायची आणि रक्तपेढीतून पिशवी आली की त्याच कॅथमधून रक्त सुरू करायचे. रक्तपेढीचा याला काहीच आक्षेप नव्हता. दोन वेगळ्या सुयांचा नियम कोणी केला होता हे शेवटपर्यंत कळले नाही.

एवढी तयारी करूनही त्या दिवशी दोन वेळा टोचावे लागले आणि फ्लॅकचे गुण ७ आले. कारण शरीरशास्त्रातलेच होते आणि ते आमच्या लक्षात यायला हवे होते. हे क्रीम काही काळ रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्वचा पांढुरकी पडते आणि आधीच बारीक असलेली शिर दिसेनाशी होते. आम्ही क्रीम पुसल्या पुसल्या सुई हातात घेतली होती. मुलाने त्या दिवशी आईला सांगितले की क्रीम खोटे आहे, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होते, कारण दुसरी सुई क्रीमच्या बाहेरच्या जागी टोचली गेली होती.

पुढच्या भेटीपासून क्रीम पुसून पंधरा मिनिटे थांबायचे आणि तेवढ्या वेळात हात कोमट पाण्याच्या पिशवीवर ठेवायचा असे ठरवले. बधिरपणा क्रीम काढल्यानंतरही तासभर तरी टिकतो, त्यामुळे थांबल्याने नुकसान होत नाही. सुई खुणेच्या आतच टोचायची आणि एका व्यक्तीने दोनपेक्षा अधिक प्रयत्न करायचे नाहीत, हेही लिहून ठेवले. दुसरा नियम पाळणे कठीण गेले, कारण ‘बस, सापडलीच’ असे प्रत्येकाला तिसऱ्या वेळी वाटते.

शब्द, मोबाइल आणि मांडी

औषधापेक्षा बोलणे बदलायला आम्हाला अधिक वेळ लागला. सुईच्या वेळी मोठ्या माणसांच्या ‘घाबरू नको’, ‘सॉरी हं बाळा’, ‘झालं झालं’ अशा बोलण्याबरोबर मुलांचा त्रास वाढलेला दिसतो, आणि विषयांतर किंवा गंमत यांबरोबर तो घटलेला दिसतो, असे या विषयातल्या संशोधनात पुन्हा पुन्हा आढळले आहे. ऐकायला हे विचित्र वाटते, पण मुलाच्या जागी बसून पाहावे. ‘घाबरू नको’ हे वाक्य त्याने आजवर फक्त घाबरण्यासारखे काही घडण्याच्या क्षणीच ऐकलेले असते. मुंगीच्या उपमेबद्दल तर मला पूर्वीपासून शंका होती. खेड्यातल्या मुलाला मुंगी चावणे म्हणजे काय ते चांगले ठाऊक असते, आणि ते त्याला मुळीच आवडत नाही.

म्हणून जे होणार ते सांगायचे ठरले. सुई आज आहे. एकदाच आहे. क्रीममुळे टोचल्याचे कमी कळेल, दाबल्यासारखे वाटेल. सुई लगेच बाहेर येते आणि आत फक्त मऊ नळी राहते. या शेवटच्या वाक्याचा परिणाम आमच्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. दिवसभर हातात सुई असते आणि हात हलवला की ती आत रुतेल, असे तो पाच वर्षे समजत आला होता. सुई काढलेली कॅथ त्याच्या हातात दिली, ती त्याने वाकवून पाहिली आणि बाहुलीच्या हाताला चिकटपट्टीने लावली. त्याने विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की मग एवढे दिवस कोणी सांगितले का नाही.

निवड द्यायची ती खरी असली पाहिजे. ‘टोचू का?’ असे विचारून तो ‘नको’ म्हणाल्यावर टोचणे ही फसवणूक आहे. कोणता हात, बघायचे की मान वळवायची, तीन आकडे मोजायचे की पाच, आणि कोणाच्या मांडीवर बसायचे, एवढे त्याच्या हाती ठेवले. आडवे निजवणे बंद केले. तो मोठ्या माणसाच्या मांडीवर उभा बसतो, पाठ त्यांच्या छातीला टेकलेली, आणि एक हात टेबलावर. ही पकड हात स्थिर ठेवण्याइतकी घट्ट असते, पण ती मिठी असते. त्याने आईऐवजी वडिलांना निवडले. आईला वाईट वाटले, मात्र वडिलांना त्यासाठी दर तीन आठवड्यांनी कामावर खाडा करावा लागणार, हा प्रश्न त्या निवडीबरोबर आला आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही.

मोबाइलबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण आजकाल प्रत्येक दवाखान्यात तोच उपाय दिसतो. लक्ष दुसरीकडे वळवण्याचा उपयोग होतो यात शंका नाही. सुईच्या वेदनेवरील मानसशास्त्रीय उपायांचा २०१८ चा कॉक्रेन आढावा, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास, ५९ चाचण्यांवर आधारलेला आहे आणि त्यातही तसे दिसते. पण या मुलाच्या बाबतीत कार्टून लावून, तो पाहण्यात गुंतला की पाठीमागून हात पकडायचा, असे अनेक वेळा झाले होते. परिणामी मोबाइल पुढे केला की तो हात पाठीमागे लपवी. आम्ही मोबाइल बाजूला ठेवला आणि साबणाचे फुगे आणले. त्यात फुंकर मारताना त्याचा सगळा हात हलू लागला, म्हणून तेही सोडले. शेवटी जत्रेतली कागदी भिंगरी कामी आली. ती टेबलाला बांधलेली असते, तो दुरून फुंकर मारून तिला फिरवतो, आणि श्वास लांब सोडताना खांदे आपोआप सैल पडतात.

केंद्रातील सहकाऱ्यांचा आक्षेप योग्य होता. एका सकाळी सतरा मुले असतात, प्रत्येकाबरोबर भिंगरी कोण फिरवणार? त्याचे उत्तर घड्याळाने दिले. पाचव्या भेटीत पलंगाजवळचा वेळ १४ मिनिटे होता, एक सिस्टर आणि वडील एवढीच माणसे होती, टोचणे एक, फ्लॅकचे गुण ३. त्यातले दोन गुण रडण्याचे होते. तो अजूनही रडतो, आणि रडू नये अशी आमची अपेक्षाही नाही. चेहऱ्यांच्या पट्टीवर त्याने सुईनंतर सहापैकी दुसऱ्या क्रमांकाचा चेहरा दाखवला, आणि वजनकाट्यावर पट्टी पाहायला नकार देऊन वजन किती ते विचारले. एका मुलाच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. त्या चार माणसांची ५० मिनिटे पूर्वी कोणी खर्चात धरत नव्हते, एवढे मात्र आमच्या बैठकीत सर्वांना मान्य झाले.

सातवी भेट

सातव्या भेटीत रक्त सुरू होऊन दीड तास झाला असताना कॅथच्या जागी सूज आली आणि रक्त थांबवावे लागले. पिशवीत अर्ध्याहून अधिक रक्त शिल्लक होते. रक्तपेढीतून निघालेली पिशवी चार तासांच्या आत संपवावी लागते. त्यातले जवळजवळ दोन तास गेले होते, आणि राहिलेले रक्त देण्यासाठी दीड तास हवा होता. सकाळच्या क्रीमचा असर ओसरला होता आणि नव्याने लावले तर आणखी एक तास. हिशेब जमत नव्हता. राहिलेले रक्त टाकून देऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवावे, हा पर्याय सिस्टरने सुचवला आणि मी त्यावर बराच वेळ विचार केला. पण मग ते हिमोग्लोबिन पुन्हा खाली गेले असते, आणि एक वाढीव सुई, एक वाढीव एसटी.

मी त्याला खरे ते सांगितले : आज अजून एकदा टोचावे लागेल, क्रीमला वेळ नाही, जास्त दुखेल. त्याने मोठ्याने रडायला सुरुवात केली आणि ते रडणे पाच-सात मिनिटे चालले. त्या वेळात कोणीही त्याला धरले नाही, कोणी ‘झालं’ म्हटले नाही. नंतर तो वडिलांच्या मांडीवर बसला आणि उजवा हात टेबलावर ठेवला. फ्लॅकचे गुण ६ आले. पहिल्याच प्रयत्नात कॅथ बसली, ही सिस्टरची कुशलता आणि थोडे नशीब.

त्याची किंमत आठव्या भेटीत मोजावी लागली. स्टँडवर पुन्हा ओकारी झाली, क्रीम लावताना त्याने विचारले की आज दोनदा आहे का, आणि दोनदा होणार नाही असे वचन मला देता आले नाही. एकदाच करण्याचा प्रयत्न आहे, एवढेच म्हणालो. त्या दिवशी गुण ५ होते. दहाव्या भेटीपर्यंत ते पुन्हा ३ वर आले.

मे महिन्यात मामाच्या लग्नासाठी कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होते आणि एक रक्त तेथे घ्यावे लागणार होते. रक्तगट, मागील अहवाल आणि औषधे यांच्या कागदामागे आमच्या सिस्टरने एक कार्ड टाचले. त्यावर तिने लिहिले : ‘क्रीम घरून लावून येईल, पुसून पंधरा मिनिटे थांबावे. डावा हात आधी. २४ नंबर. क्रॉसमॅच कॅथमधूनच घ्यावे. मांडीवर बसतो, निजवू नये. पाचपर्यंत स्वतः मोजतो, चारवर टोचू नये.’